अर्धी सूट, पुरता ताप

सरकारनं दिलेली सवलत आणि सासऱ्यानं दिलेलं घड्याळ, ह्या दोन गोष्टी कधी बंद पडतील ते सांगता येत नाही. घेताना माणूस हरखतो, चार लोकांना दाखवत सुटतो, तिच्या भरवशावर आपला दिनक्रम आखतो. आणि एके दिवशी ऐन गाडीच्या वेळी पाहावं, तर काटा जागचा हललेला नसतो. सासऱ्याकडं तक्रार करायची नसते, हे निदान ठाऊक असतं. सरकारकडं करता येते, आणि खरी पंचाईत तिथंच सुरू होते.

मी बत्तीस वर्षं एका कचेरीच्या हिशेबखात्यात काढली. त्यामुळं 'सवलत' ह्या शब्दाशी माझा जुना घरोबा. सवलतीच्या कागदावर वरच्या बाजूला ठळक अक्षरांत एक वाक्य असतं आणि खाली बारीक अक्षरांत त्याच वाक्याचा मुडदा पाडलेला असतो. वरचं वाक्य मंत्री वाचतात, खालचं आम्ही कारकून. तेव्हा आज मी जी हकिकत सांगणार आहे ती बिअरची असली, तरी वाचकांनी, आणि विशेषतः आमच्या नातेवाइकांपैकी जे वाचक आहेत त्यांनी, कपाळाला आठ्या घालू नयेत. मी घेत नाही. बिअरशी माझा संबंध आला तो फक्त तिच्यावरच्या करापुरता, आणि तोही परमुलखात. न पिता चढणारी जगात एकच चीज आहे आणि ती म्हणजे कराचं कोष्टक, एवढं ज्ञान मात्र मला त्या निमित्तानं झालं.

त्याचं असं झालं. २०२३ च्या जून महिन्यात आम्ही उभयता मुलीकडं इंग्लंडात गेलो. यॉर्कशर परगण्यातलं एक लहानसं गाव. दगडी घरं, दगडी चेहऱ्याची माणसं आणि ह्या दोघांवर सारखा पडणारा बारीक पाऊस. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकी उघडली तर असा काही खमंग वास आला, की ही एकदम म्हणाली, "अगंबाई, इथं नाचणी कोण भाजतंय?" जावईबापू दाढी करता करता म्हणाले, "मागच्या गल्लीत ब्रुअरी आहे." हिनं 'ग्रोसरी' ऐकलं आणि पिशवी घेऊन निघाली. हिला परत आणायला म्हणून मी मागोमाग गेलो. बिअरच्या कारखान्यात माझं पाऊल पडलं ते असं, धर्मपत्नीच्या मागोमाग. सप्तपदीला जागणारा ह्याहून दुसरा पुरावा कोणता हवा?

कारखाना म्हणजे एका जुन्या लोकरीच्या गिरणीचं गोदाम होतं. आत सात-आठ चकचकीत टाक्या, ओली जमीन, रबरी पायपांची भेंडोळी, आणि मधोमध गुडघ्यापर्यंत बूट घातलेले साठीचे एक गृहस्थ. त्यांचं नाव इथं सांगत नाही. आम्ही घरात त्यांना 'भट्टीवाले' म्हणत असू. आपल्याकडं 'भट्टी' म्हटलं की पोलिसांची धाड डोळ्यांपुढं येते, पण हा मनुष्य इतका सालस, की धाड पडलीच तर पोलिसांना आधी बसायला खुर्ची देईल. हातात पिशवी घेऊन भल्या सकाळी आलेल्या नऊवारीतल्या बाईंना पाहून ते क्षणभर गोंधळले, पण लगेच सगळा कारखाना दाखवायला लागले. जव भिजवायचे, त्यांना मोड आणायचे, मग ते भाजायचे. हे झालं माल्ट. ते भरडून गरम पाण्यात मुरवायचं, पाणी गाळून घ्यायचं, त्यात हॉप नावाची कडू फुलं टाकून उकळायचं, निववायचं आणि विरजण लावायचं. हिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि बाहेर पडल्यावर निकाल दिला, "मटकीसारखे मोड, नाचणीसारखं भाजणं, आजेसासूबाईंसारखा काढा आणि दह्यासारखं विरजण. ह्यात वाईट काय आहे मेलं?" गेली पन्नास वर्षं बिअरबद्दल हिचं जे मत होतं ते असं पंधरा मिनिटांत बदललं. माझ्याबद्दलचं अजून बदलायचं आहे.

पुढं रोज सकाळी फिरून येताना मी तिथं डोकावू लागलो. मी पीत नाही हे कळल्यावर भट्टीवाल्यांना आधी वाईट वाटलं. पण मी हिशेबखात्यातला आहे म्हटल्यावर त्यांनी टाकीवरचा हात काढून माझा हात धरला आणि मला थेट टेबलाशी नेलं. टेबलावर सरकारी कागदांचा ढीग होता. "पिणारे पुष्कळ येतात," ते म्हणाले, "हे वाचणारा पहिल्यांदाच आला."

आता थोडा इतिहास सांगतो. घाबरू नका, सनावळ्या परीक्षेला नाहीत. इंग्रज सरकार बिअरवर कर घेतं ही गोष्ट जुनी. १८८० साली ग्लॅडस्टनसाहेबांनी माल्टवरचा कर काढला आणि तो तयार होणाऱ्या बिअरवर बसवला. म्हणजे कर गेला नाही, फक्त पोत्यावरून उठून पिंपावर जाऊन बसला. १९९३ पासून बिअरमध्ये अल्कोहोल किती टक्के आहे ते पाहून तो घ्यायला लागले. पण ह्या सगळ्यात एक गोष्ट कायम होती. महिन्याला हजारो पिंपं ओतणारी अगडबंब कंपनी आणि चार टाक्यांचा आमच्या भट्टीवाल्यांसारखा संसार, दोघांना कराचा दर एकच. हत्तीलाही एक रुपया तिकीट आणि उंदरालाही एक रुपया तिकीट, असा तो समभाव होता.

लहान भट्टीवाल्यांनी १९८० साली आपला संघ काढला आणि वीसेक वर्षं सरकारचे उंबरे झिजवले. अखेर २००२ साली गॉर्डन ब्राउन अर्थमंत्री असताना त्यांना सवलत मिळाली. वर्षाला ५,००० हेक्टोलिटरपर्यंत बिअर काढणाऱ्याला अर्धा कर माफ! हेक्टोलिटर म्हणजे शंभर लिटर. तेव्हा ५,००० हेक्टोलिटर म्हणजे ५ लाख लिटर, आणि ५६८ मिलिलिटरचा एक, ह्या हिशेबानं सुमारे ८ लाख ८० हजार पाइंट. एवढी बिअर काढणाऱ्याला 'लहान' म्हणणारा देश मोठाच म्हटला पाहिजे. ५,००० च्या पुढं सवलत कमी कमी होत जायची आणि ती पार संपायची ते ३०,००० हेक्टोलिटरला. २००४ पासून ती हद्द ६०,००० वर नेली.

सवलतीचा परिणाम असा झाला, की पहिला पाऊस पडल्यावर छत्र्या उगवाव्यात तशा भट्ट्या उगवल्या. २००२ साली त्या देशात चारशेच्या आसपास ब्रुअऱ्या होत्या. पुढच्या वीस वर्षांत त्या दीड हजारांच्या पुढं गेल्या. कुणी गोठ्यात काढली, कुणी रेल्वेच्या पुलाखालच्या कमानीत. आमचे भट्टीवाले आधी शाळामास्तर होते. पोरांना रसायनशास्त्र शिकवण्यापेक्षा करून दाखवलेलं बरं, असं वाटून त्यांनी नोकरी सोडली आणि २००५ साली हे गोदाम भाड्यानं घेतलं. निम्मा कर माफ नसता, तर आपण अजून फळ्यापुढंच उभे असतो, असं ते स्वतः सांगत.

पण सवलतीला मर्यादा असते आणि मर्यादेला काठ असतो. काठ आला की माणूस चालायचा थांबतो आणि पायांकडं बघत राहतो. ५,००० हेक्टोलिटरपर्यंत लिटरमागं अर्धी सूट. पुढच्या प्रत्येक हेक्टोलिटरला मात्र पुरता कर. साहजिकच ४,९०० वर पोहोचलेली भली भली माणसं तिथंच बसकण मारायला लागली. गिऱ्हाईक दारात उभं आहे, टाकी रिकामी आहे, माल्ट आलेलं आहे, आणि मालक म्हणतोय, "नको! यंदाची बिअर झाली!"

हे ऐकताना मला हसू आलं नाही, कारण असा एक मालक, नव्हे नोकर, मी घरातच पाहिला आहे. आमचे वडील एका कापडाच्या दुकानात कारकून होते. पगार दरमहा अठ्ठ्याण्णव रुपये. आम्ही तीन भावंडं शाळेत. यशवंतराव चव्हाणांच्या काळात ज्यांच्या घरचं उत्पन्न वर्षाला बाराशे रुपयांच्या आत, त्यांच्या मुलांची फी माफ झाली. ई. बी. सी. म्हणत त्या सवलतीला. बाराशे भागिले बारा, दरमहा शंभर. वडील दोन रुपये आत होते. त्या दिवाळीला मालक खूष होऊन म्हणाले, "अण्णा, पुढल्या महिन्यापासून तुम्हाला एकशे पाच." वडील कोपऱ्यात गेले, बोटांवर हिशेब केला आणि हात जोडून म्हणाले, "शेठजी, एवढी कृपा करू नका." पगार वाढवू नका म्हणणारा नोकर त्या मालकांनी जन्मात पाहिला नव्हता. त्यांनी मिठी मारायचंच काय ते बाकी ठेवलं. पुढं वर्षानुवर्षं वडील अठ्ठ्याण्णवावरच राहिले. दरम्यान दुकानात मुनीमजींची जागा रिकामी झाली, ती त्यांच्या हाताखाली शिकलेल्याला मिळाली. आम्ही तिघं शिकलो, हे खरं. त्या सवलतीचे उपकार मी विसरणार नाही. पण वडिलांनी अठ्ठ्याण्णव रुपयांत तीन पोरं शिकवली हे जे सगळे कौतुकानं सांगतात, त्यांतलं कुणी असं म्हणत नाही, की त्या माणसाला त्याहून पुष्कळ मिळू शकलं असतं.

तर हा काठ मोडावा, असं इंग्रज सरकारलाही वाटलं. त्यात मध्यम आकाराच्या ब्रुअऱ्यांची ओरड चालूच होती. त्यांचीही बाजू ऐकली पाहिजे. ह्या मंडळींची वर्षाची बिअर दहा-वीस हजार हेक्टोलिटर. त्यांना सवलतीचा वाटा लिटरमागं अगदी चिमूटभर मिळे. वरून अवाढव्य कंपन्या स्वस्त माल ओतताहेत, खालून लहान भट्टीवाले अर्ध्या कराच्या जोरावर भाव पाडताहेत, आणि आपण दोघांच्या मध्ये. गर्दीच्या लोकलमध्ये चौथ्या सीटवर बसलेल्या माणसासारखे. बसलोय म्हणावं तर बसलेलो नाही आणि उठावं तर तीही जागा जायची. तेव्हा त्यांची तक्रार खोटी नव्हती.

सरकारनं ह्यावर उपाय काढला तो सरकारी पद्धतीनं. काठ टोचतो ना? मग काठच अलीकडं आणू! २०२० च्या जुलै महिन्यात जाहीर झालं की अर्ध्या कराची सवलत ५,००० पर्यंत नव्हे, तर २,१०० हेक्टोलिटरपर्यंतच. पुढं हळूहळू उतरण. मुहूर्तही असा साधला, की करोनामुळं तीन महिने सगळे पब बंद राहिलेले आणि लहान भट्टीवाल्यांनी टाक्यांतली बिअर गटारात ओतलेली. घर जळताना भाडं वाढवायला आलेल्या घरमालकासारखा हा प्रकार. लोकांनी अर्ज केले, खासदारांना पत्रं लिहिली. मग २०२१ च्या अखेरीस सरकार २,१०० वरून २,५०० वर आलं. हे ऐकून ही म्हणाली, "म्हणजे मंडईतली मेथीची जुडी झाली की! त्यानं पन्नास सांगायचे, आपण वीस म्हणायचं, आणि पंचेचाळीसला घेऊन आपणच जिंकलो म्हणून घरी यायचं."

नवी पद्धत लागू व्हायची होती १ ऑगस्ट २०२३ ला, म्हणजे आम्ही तिथं असतानाच. त्याच्या आदल्या आठवड्यात भट्टीवाल्यांनी आणि मी मिळून ते कागद वाचले. आता हिशेब हेक्टोलिटर बिअरवर नाही, तर त्या बिअरमधल्या शुद्ध अल्कोहोलवर. सवलत नुसती बिअरला नाही. साडेआठ टक्क्यांच्या आतल्या सगळ्याच पेयांना, करणारा लहान असेल तर. वरची हद्द ४,५०० हेक्टोलिटर शुद्ध अल्कोहोल. मधे कोष्टकाच्या पायऱ्या. प्रत्येक पायरीला आधीच्या पायरीची बेरीज आणि पुढच्या पायरीची वजाबाकी. बत्तीस वर्षांच्या नोकरीत मी इतकं देखणं कोष्टक पाहिलं नव्हतं. मी रंगून गेलो. भट्टीवाल्यांचा चेहरा मात्र उतरत चालला होता.

ह्या नव्या कायद्यात आणखी गमती होत्या. एक म्हणजे 'ड्राफ्ट'ची सवलत. ड्राफ्ट म्हटल्यावर मला बँकेचा डिमांड ड्राफ्ट आठवला. पण इथं ड्राफ्ट म्हणजे पबात पिंपातून तोटीनं काढून दिलेली बिअर. तिला कर ९.२ टक्के कमी. पिंप मात्र निदान २० लिटरचं पाहिजे. आधी तर ४० लिटरपेक्षा लहान पिंपाला सवलत नाही असं ठरत होतं. आमच्या भट्टीवाल्यांची पारंपरिक पिंपं नऊ गॅलनची, म्हणजे ४१ लिटरच्या आत-बाहेर, त्यामुळं ती तशीही तरली. पण ज्या लहान लोकांनी ३० लिटरची पिंपं घेऊन ठेवली होती, त्यांचा जीव टांगणीला लागला होता. मग तेही वीसवर आलं. पुन्हा मेथीची जुडी.

दुसरी गंमत टक्क्यांची. जेवढी कडक बिअर, तेवढा कर जास्त, हे ठीक. पण ३.४ टक्क्यांपर्यंत एक दर आणि ३.५ पासून दुसरा. मी लगेच पेन्सिल काढली. त्या ऑगस्टातल्या दरांनी, कुठलीही लहानपणाची सवलत न धरता, ३.४ टक्क्यांच्या ड्राफ्ट पाइंटवर कर सुमारे १६ पेनी, ३.५ टक्क्यांच्या पाइंटवर ३८! एक दशांश टक्का, जो जिभेला कळत नाही, तो तिजोरीला दुपटीहून जास्त कळतो. एक काठ मोडायला म्हणून कायदा केला आणि शेजारी दुसरा कडा बांधून ठेवला. साहजिकच काही मोठ्या कंपन्यांनी आपली बिअर पातळ करून ३.४ वर आणून बसवली. आपल्याकडं गवळी दुधात पाणी घालतो तेव्हा निदान सरकारी निरीक्षकाला घाबरून घालतो. इथं सरकारनंच कोष्टक देऊन पाणी घालायला सांगितलं.

आणि तिसरी गंमत अशी, की हा सारा नवा कायदा २०२१ साली ज्यांनी अर्थमंत्री म्हणून जाहीर केला ते ऋषी सुनक स्वतः पीत नाहीत. हे कळल्यावर माझा अधिकार एकदम वाढला. न पिणाऱ्यानं कर बसवायचा आणि न पिणाऱ्यानं तो समजावून सांगायचा. पिणाऱ्यांनी फक्त भरायचा. १ ऑगस्टला पंतप्रधान सुनक लंडनच्या बिअरमहोत्सवात पाइंट भरायला म्हणून गेले, तिथं त्यांना टोमणे ऐकावे लागले. ते आम्ही टेलिव्हिजनवर पाहिलं. भट्टीवाले मात्र काही बोलले नाहीत. ते वही घेऊन बसले होते.

त्यांची वर्षाची बिअर साधारण ४,००० हेक्टोलिटर. जुन्या नियमानं ते ५,००० च्या आत, म्हणजे सगळ्या बिअरला निम्मा कर. नव्या नियमानं ते काठाच्या पलीकडं. जे २,५०० च्या आत होते त्यांचं फारसं बिघडलं नाही. मधल्यांचंही थोडं भलं झालं. पण जे ह्या दोन आकड्यांच्या मध्ये होते, म्हणजे ज्यांनी खटपट करून धंदा थोडा वाढवला होता, नेमके तेच सापडले. वहीच्या तळाशी त्यांनी एक आकडा लिहिला आणि त्याच्याभोवती गोल केला. मी विचारलं, "हा कसला?" ते म्हणाले, "हा एका माणसाचा पगार."

आम्ही दोघांनीही न ठरवता मागं वळून पाहिलं. एकोणीस वर्षांचा एक पोरगा गाणं गुणगुणत पिंपं धूत होता. त्याला हे काम शिकून पुढं स्वतःची भट्टी काढायची होती.

"भाव वाढवा," मी म्हटलं. पण भाव वाढवायला गिऱ्हाईक कुठं होतं? गल्लीच्या टोकाला, गोदामापासून पन्नास पावलांवर, एक पब आहे. पण तो एका कंपनीच्या मालकीचा. चालवणाऱ्यानं बिअर घ्यायची ती कंपनीच्या यादीतूनच. त्यामुळं तिथली बिअर शे-दोनशे मैलांवरून मोटारीनं येते आणि भट्टीवाल्यांची तिथं जात नाही. जे पब स्वतंत्र होते ते आधीच भावासाठी घासाघीस करत. वीज महाग, माल्ट महाग. "मग मोठे व्हा," मी म्हटलं. त्याला जागा हवी, कर्ज हवं आणि वय हवं. साठाव्या वर्षी ह्यातलं एकही कुणी देत नाही. "मग लहान व्हा," असं मी म्हटलं नाही. पण तो तिसरा रस्ता दोघांनाही दिसत होता.

भट्टीवाल्यांनी चष्मा काढला, कोष्टकाकडं बोट केलं आणि एकच शब्द उच्चारला, "डूलॅली!"

मी दचकलो. मला 'देवळाली' ऐकू आलं. नाशिकजवळच्या देवळालीत आमचे एक मामा राहत. मी म्हटलं, "तिथं तुमचं कोण असतं?" मग खुलासा झाला. इंग्रजीत 'डूलॅली' म्हणजे डोकं फिरलेला. आणि हा शब्द आपल्या देवळालीवरूनच तिकडं गेलेला आहे. इंग्रजांच्या काळात मुदत संपलेल्या गोऱ्या सोल्जरांना मायदेशी जाणारी बोट मिळेपर्यंत देवळालीच्या छावणीत ठेवत. उकाडा, रिकामपण आणि न येणारी बोट. पोरं वाट पाहून भ्रमिष्ट व्हायची. त्या रोगाला 'डूलॅली टॅप' म्हणत. त्यातला टॅप म्हणजे आपला साधा ताप! भट्टीवाल्यांना इतकी वर्षं वाटत होतं की तो टॅप म्हणजे पबातली तोटी. त्यांना जेव्हा मी 'ताप' ह्या शब्दाचे मराठीतले सगळे अर्थ सांगितले, अंगात येणारा आणि डोक्याला होणारा, तेव्हा ते त्या आठवड्यात पहिल्यांदा हसले. म्हणाले, "म्हणजे हे कोष्टक तुमच्याच गावचं!"

ऑगस्टअखेर आम्ही परतलो. निघताना ही त्यांना लिंबाच्या लोणच्याची बरणी देऊन आली. पुढच्या बातम्या मुलीच्या फोनवरून कळत गेल्या. आधी पोरगा आठवड्याला तीन दिवसांवर आला. मग तो शहराजवळच्या एका मोठ्या गोदामात खोकी भरायच्या नोकरीवर लागला. तिथं सहा दिवस काम होतं. पिंपं आता भट्टीवाले स्वतः धुतात. शनिवारी गोदामाचं दार उघडून चार बाकडी टाकतात आणि गल्लीतल्या लोकांना आपली बिअर आपल्या हातानं विकतात. तो पोरगाही कधी कधी शनिवारी येतो आणि तोटीवर उभा राहतो.

फेब्रुवारी २०२५ मध्ये मुलगी म्हणाली, "बाबा, सरकारनं ड्राफ्टवरचा कर पाइंटमागं एक पेनीनं कमी केला. सगळीकडं गाजतंय." मी पेन्सिल काढली. कपात १.७ टक्के. चार टक्क्यांच्या पाइंटला हिशेब केला तर पाऊण पेनी भरते. वरचा मूल्यवर्धित कर धरला तरी पुरती पेनी होत नाही. आणि त्याच दिवशी बाटल्या-डब्यांतल्या बिअरवरचा कर वाढला. मी विचारलं, "आपले भट्टीवाले काय म्हणतात?" ती म्हणाली, "ते म्हणतात, मी आता काठाच्या आत आहे. वर्षाला २,४०० हेक्टोलिटर. नीट बसतं."

नीट बसतं! हिशेबखात्यात आम्ही ह्याला 'मेळ लागला' म्हणत असू. भट्टीवाल्यांची सवलत शाबूत, कायद्याचं कोष्टक शाबूत, कुठं काही गळत नाही. मी तरीही वहीच्या मागच्या पानावर एक वजाबाकी केली. ४,००० वजा २,४००. उरले १,६०० हेक्टोलिटर. म्हणजे दोन लाख ऐंशी हजार पाइंट, जे झालेच नाहीत. त्यांच्यावर भट्टीवाल्यांना नफा नाही, पोराला पगार नाही आणि सरकारला कर नाही. अर्धा नाही की पुरता नाही. हा आकडा कुठल्याही खात्याच्या कुठल्याही रकान्यात बसत नाही, म्हणून तो कुणी लिहून ठेवणार नाही. मी ठेवला आहे. ही म्हणते, "तुम्हाला काय करायचंय? तुम्ही तर थेंबाला शिवत नाही." खरं आहे. पण न पिणाऱ्या माणसाला न झालेल्या बिअरची रात्री आठवण यावी, ह्यालाच बहुधा देवळालीचा ताप म्हणत असावेत.